१६५ च्या जागी २०५: स्विफ्टच्या चाकांचा सात महिन्यांचा हिशेब

मारुती स्विफ्टच्या व्हीएक्सआय प्रकाराला कंपनीकडून १६५/८० आर १४ या मापाचे टायर येतात. मार्च २०२५ मध्ये मी ते उतरवून २०५/६५ आर १५ मापाचे टायर आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या पंधरा इंची अलॉय रिमा बसवून घेतल्या. आणि सात महिन्यांनी, दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या आठवड्यात, त्याच रिमांवर १८५/६५ आर १५ मापाचे टायर चढवले. हे परीक्षण कोणत्याही एका टायर कंपनीचे नाही. ते मापाचे आहे, आणि ते माप सुचवून बसवून देणाऱ्या सेवेचे आहे. ज्या दोन दुकानांशी माझा संबंध आला, त्यांची नावे मी लिहिलेली नाहीत. पहिल्याचे न लिहिण्याचे कारण उघड आहे. आणि दुसऱ्याचे लिहिले तर पहिले ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही, कारण दोन्ही नागपुरात एकाच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर आहेत.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचे वाचावे लागणार नाही. या गाडीला २०५/६५ आर १५ घेऊ नये. १८५/६५ आर १५ घ्यायला हरकत नाही. आणि मोठ्या टायरविषयी ज्या वेगाच्या काट्याची सगळे चर्चा करतात, तो काटा माझ्या अनुभवात सर्वांत कमी त्रासदायक ठरला; उलट काही काळ त्याने माझी दिशाभूल करून मला खूशच ठेवले.

मी राहतो मानेवाड्याकडे आणि नोकरी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, हिशेब विभागात. रोजचा प्रवास वर्धा रोडने होतो, आणि महिन्यातून एखादी फेरी समृद्धी महामार्गावरून सासुरवाडीला. पेट्रोल भरले की मीटरचा आकडा आणि लिटर डायरीत लिहून ठेवायची माझी जुनी सवय आहे, तिची घरी थट्टा होते, पण या लेखातले बरेचसे आकडे त्या डायरीतूनच आले आहेत. मार्चमध्ये जुन्या टायरांची नक्षी सुमारे तीन मिलिमीटर उरली होती. कारच्या टायरसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, त्यामुळे ते लगेच बाद नव्हते. परंतु समृद्धीवर झिजलेल्या टायरांमुळे झालेल्या अपघातांनंतर २०२३ पासून शिवमडक्याजवळच्या प्रवेशावर टायर तपासून गाड्या परत पाठवल्या जाऊ लागल्या, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर जुन्या टायरांनिशी तासन्‌तास ताशी शंभरने जाण्याची मलाही हौस नव्हती.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या गाडीच्या चाकाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “साहेब, १६५ म्हणजे सायकलची चाकं झाली जी. २०५ टाका, गाडी गाडीसारखी दिसते.” घासणार नाही ना, असे मी विचारले. “काऊन घासन? मागच्याच महिन्यात अशाच स्विफ्टला टाकले, पाहून घ्या ना फोटो.” फोटो खरोखरच देखणा होता. त्यात गाडी उभी होती, चाके सरळ होती आणि आत कोणीही बसलेले नव्हते, या तीन गोष्टींचे महत्त्व मला पुढे कळले. गाडीत साधारण किती माणसे बसतात, सामान किती असते, फिरणे कोणत्या रस्त्यावर असते, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. काम मात्र त्यांनी नेटके केले, हे नोंदवले पाहिजे: टायर ताज्या उत्पादन-आठवड्याचे होते, आयएसआय चिन्ह होते, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट माझ्यासमोर झाले, नट हाताने टॉर्क रेंचने आवळले. सेवेत खोट हातांची नव्हती, सल्ल्याची होती.

आता मापाचे गणित. ते दुकानात उभे राहून मोबाइलवर दोन मिनिटांत होण्यासारखे आहे आणि मी ते केले नाही, याची खंत मला आहे, कारण दिवसभर मी आकडेच पाहतो. १६५/८० आर १४ यात १६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचातला व्यास. भिंत १३२ मिलिमीटर, ती वर आणि खाली अशी दोनदा मोजायची, म्हणजे २६४. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. २०५/६५ आर १५ साठी हाच हिशेब केला तर भिंत १३३.२५ आणि व्यास ६४७.५ मिलिमीटर होतो. फरक साडेचार टक्के. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा टायरच्या धंद्यात सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो माझ्या टायरांनी पहिल्याच दिवशी मोडला होता. याउलट १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. मूळ मापापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. हा योगायोग नाही. २०१८ च्या याच स्विफ्टच्या झेडएक्सआय प्रकाराला कंपनी स्वतः १८५/६५ आर १५ देते. बलेनोच्या खालच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ आणि वरच्या प्रकाराला १९५/५५ आर १६ येतात, त्यांचेही व्यास ६२१.५ आणि ६२०.९, म्हणजे जवळजवळ एकच. रिम एक इंचाने वाढवली की भिंत तेवढी उतरवायची आणि चाकाचा घेर जागच्या जागी ठेवायचा, ही कंपन्यांची रीत आहे. माझ्या दुकानदाराने रिम वाढवली, रुंदी वाढवली आणि भिंत आहे तेवढीच ठेवली. मग घेर वाढला नसता तरच नवल.

घेर वाढला की काटा का चुकतो, हे एकदा नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. गाडीला आपला वेग ठाऊक नसतो. तिला फक्त चाक किती फिरले ते ठाऊक असते. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून आलेली केबल काट्यामागचे चुंबक फिरवीत असे. आजच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर फिरणाऱ्या दात्यांचे ठोके मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कारखान्यात एकदा भरून ठेवलेला असतो आणि आपण टायर बदलले म्हणून तो आपोआप बदलत नाही. जमिनीला टेकते तिथे चाक थोडे दबत असल्याने एका फेऱ्यातले अंतर व्यासाच्या सुमारे ३.०५ पट धरतात. त्या हिशेबाने मूळ नवे टायर एका किलोमीटरला सुमारे ५२९ फेरे घेतात आणि २०५/६५ आर १५ केवळ ५०६. फेरे कमी झाले, म्हणून ठोके कमी झाले, म्हणून गाडीला वाटते की आपण हळू चाललो आहोत आणि कमी अंतर कापले आहे.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्ष मोजणी मी समृद्धीवर केली, आणि ती तीन वेळा केली: टायर बदलण्याच्या आदल्या रविवारी, २०५ चे टायर बसवल्यानंतरच्या आठवड्यात आणि नंतर १८५ चे टायर घेतल्यावर. हा रस्ता त्या कामासाठी फार सोयीचा आहे, कारण लांबच लांब सरळ पट्टे मिळतात, सिग्नल नाहीत आणि किलोमीटरच्या पाट्या आहेत. काटा शंभरवर स्थिर ठेवायचा, किमान अर्धा मिनिट तो हलू द्यायचा नाही, आणि मगच मोबाइलमधल्या जीपीएसचा आकडा घ्यायचा. वेग वाढत किंवा उतरत असताना जीपीएसचा आकडा मागे रेंगाळतो, म्हणून तेव्हाची नोंद उपयोगाची नसते. आकडे टिपण्याचे काम शेजारी बसलेल्या भाच्याकडे होते. चालकाने हे करू नये, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या, झिजलेल्या टायरांवर काटा शंभर दाखवत असताना जीपीएस ९५ दाखवत होते. २०५/६५ आर १५ वर काट्याच्या शंभरला जीपीएस १०१ दाखवू लागले. आणि १८५/६५ आर १५ वर ९७. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांमधला फरक साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. त्याचे कारण झीज. नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर असते. ती तीनवर आली की त्रिज्या पाच आणि व्यास दहा मिलिमीटरने घटतो, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा अधिक. टायरचे माप न बदलताही, नव्यापासून बाद होईपर्यंत काट्यात सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो. टायर बदलल्याबरोबर जीपीएस उघडून “काटा बिघडला” म्हणणाऱ्यांनी आधी आपले जुने टायर किती गुळगुळीत झाले होते ते आठवावे.

शंभरला १०१ हा आकडा घेऊन मी कौतुकाने दुकानात गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. गृहस्थ हसून म्हणाले, “पहिले मीटर खोटं बोलत होतं साहेब, आता खरं बोलते.” वाक्य इतके चपखल होते की मीही ते दोन-चार जणांना ऐकवले. त्यातली गफलत मला उशिरा उमगली. मूळ काटा जास्त वेग दाखवत होता तो बिघाड नव्हता. ती जाणूनबुजून ठेवलेली सोय असते. संयुक्त राष्ट्रांची वेगमापकाविषयीची ३९ क्रमांकाची नियमावली अनेक देशांत पाळली जाते, आणि तिचे सूत्र असे आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवायचा तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकाच. खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ च्या दरम्यान कुठेही चालेल. ७९ चालणार नाही. टायर नवे असोत वा झिजलेले, हवा कमी असो वा जास्त, काटा कमी दाखवण्याच्या बाजूला जाऊ नये म्हणून कंपन्या ही गादी ठेवतात. माझ्या २०५ च्या टायरांनी ती गादी संपवून वर एक किलोमीटर उधार घेतला. समृद्धीवर कारसाठी कमाल मर्यादा ताशी १२० आहे. काटा १२० वर ठेवला की जुन्या टायरांवर मी प्रत्यक्षात ११४ ने जात होतो. नव्या मोठ्या टायरांवर १२१ ने. सात किलोमीटरने आभाळ कोसळत नाही, पण वर्षानुवर्षे काट्याकडे पाहून जो अंदाज अंगवळणी पडलेला असतो, तो नकळत सात किलोमीटरने सरकतो, आणि काटा पाहून निश्चिंत असलेल्या माणसाला ते कळायला काहीच मार्ग नसतो. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि तिथे “माझा काटा तर १२० दाखवत होता” हे उत्तर चालत नाही.

किलोमीटरच्या मीटरची गंमत आणखी वेगळी आहे. काटा मुद्दाम जास्त दाखवतो, पण मीटर तसे करीत नाही. ते बऱ्यापैकी खरे असते. रस्त्यावरच्या पाट्यांनुसार ५० किलोमीटरच्या पट्ट्यात जुन्या टायरांवर मीटरने ५०.८ मोजले, २०५ च्या टायरांवर ४७.८ आणि १८५ च्या टायरांवर ४९.८. म्हणजे वेगाचा काटा खरा झाल्याच्या आनंदात मी होतो, तेव्हा आतापर्यंत खरे बोलणारे मीटर खोटे बोलू लागले होते. याचा पहिला फटका डायरीला बसला. मोठे टायर बसवल्यावर मायलेज १७.५ वरून १६.२ वर आल्याचे दिसले आणि लिटरमागे सव्वा किलोमीटर गेले म्हणून मी दोन महिने हळहळलो. पाट्यांच्या मोजणीनुसार दोन्ही आकडे दुरुस्त केले तेव्हा जुने खरे मायलेज १७.२ आणि नवे १६.९ निघाले. तोटा होता, पण दिसत होता त्याच्या पाव पटीनेही नव्हता. गाडीतल्या पडद्यावरचे सरासरी मायलेज याच ठोक्यांवर चालत असल्याने तेही त्याच प्रमाणात फसते. दुसरे असे की त्या सात महिन्यांत मीटरने ९,१८० किलोमीटर नोंदवले, पण गाडी प्रत्यक्षात ९,६०० च्या आसपास धावली. सर्व्हिसिंग मीटरवर ठरवणाऱ्याचे ऑइल बदल तेवढे लांबतात.

आता बसण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

पहिले पाच-सहा आठवडे मी एकटाच ऑफिसला जात-येत होतो आणि गाडी सुरेख चालत होती. व्यास २८ मिलिमीटरने वाढल्याने गाडी जमिनीपासून १४ मिलिमीटर उंच झाली होती, आणि आमच्या भागातल्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांवर आणि गल्लीतल्या घरगुती गतिरोधकांवर ते सुख जाणवत होते. भिंत जुन्याइतकीच जाड असल्याने हादरेही कमी बसत. स्टिअरिंग किंचित जड झाले आणि चौकातून निघताना गाडी थोडी आळसावल्यासारखी वाटे. चाक मोठे झाले म्हणजे सगळे गिअर साडेचार टक्क्यांनी लांबले, त्याचा तो परिणाम. ते चालण्यासारखे होते.

एप्रिलच्या एका रविवारी आई, पत्नी, दोन्ही मुले आणि डबे-पाण्याचे कॅन घेऊन आम्ही रामटेकला निघालो. मनसरपर्यंत महामार्गावर काही नव्हते. गडावर चढताना वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खर्र’ असा लांबट आवाज आला, जणू कोणी पत्र्याच्या डब्यावरून खराटा फिरवावा. आई म्हणाली, “काही अडकलं का रे खाली?” उतरून पाहिले तर काही नव्हते. परतताना खड्ड्यात मागचे चाक उतरले तेव्हा मागूनही एक कोरडा घासटा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन मी चाकाशेजारी बसलो. पुढच्या मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिकच्या लायनरवर, बंपर जिथे जुळतो त्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराचा एक पट्टा घासून आरशासारखा चकचकीत झाला होता, आणि त्याच्या टोकाशी लायनर धरून ठेवणारी एक क्लिप जागेवर नव्हती. मागच्या चाकावरची खूण त्याहून बारीक होती, पण मला तीच अधिक बोलकी वाटली. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात. डाव्या मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंदीच्या पट्ट्यातले केस न्हाव्याने वस्तरा फिरवावा तसे साफ गेले होते, आणि बाकी ठिकाणी ते तसेच उभे होते. मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्याची कड बरोबर तिथे पोचत होती.

त्रिज्या १४ मिलिमीटरने वाढली, म्हणजे चाक पुढे-मागे आणि वर तेवढे वाढले. रुंदी १६५ वरून २०५ म्हणजे दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर. पण ही वाढ आत किती जाईल आणि बाहेर किती येईल, हे रिमच्या ऑफसेटवर ठरते, ज्याला दुकानात नुसते ‘ईटी’ म्हणतात: रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा. हा आकडा मूळ रिमपेक्षा कमी असला की चाक तेवढे बाहेर येते आणि मडगार्डच्या कडेला भिडते. जास्त असला की आत सरकून स्ट्रटला, म्हणजे चाकामागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाला, भिडते. अलॉय घेताना चार नटांचे १०० मिलिमीटरचे वर्तुळ जुळते एवढेच सगळे पाहतात, मीही तेवढेच पाहिले. रिमवर आतल्या बाजूला ‘ईटी’चा आकडा उमटवलेला असतो, तो पाहायचे कोणी सुचवले नाही. रिमची रुंदी मात्र सुदैवाने योग्य निघाली. सहा इंची रुंदीवर २०५/६५ आणि १८५/६५ दोन्ही चालतात, म्हणून पुढे रिमा बदलाव्या लागल्या नाहीत.

तक्रार घेऊन पहिल्या दुकानात गेल्यावर दोन उपाय सुचवण्यात आले. एक, मडगार्डची आतली कड ठोकून चपटी करायची. दोन, गाडीत पाच माणसे बसवायची नाहीत. दुसरा उपाय ऐकून मी काही न बोलता बाहेर पडलो. वास्तविक तेव्हाच निर्णय घ्यायला हवा होता, पण नव्या टायरांवर खर्च झालेला पैसा डोळ्यांपुढे होता, म्हणून आणखी पाच महिने माणसे मोजून गाडी चालवली. त्यात एकदा पंक्चर झाले आणि आणखी एक गोष्ट उघड झाली: डिकीतली स्टेपनी जुन्या १६५/८० आर १४ मापाचीच होती. पुढच्या एका बाजूला ६४७.५ चे चाक आणि दुसऱ्या बाजूला ६१९.६ चे, अशा अवस्थेत गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढत होती, आणि दोन चाकांचे फेरे कायम वेगळे पडत असल्याने डिफरन्शियलला, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दात्यांच्या जोडणीला, क्षणाची उसंत नव्हती. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, हीही चारही चाकांच्या फेऱ्यांची आपापसांत तुलना करूनच चाक घसरते आहे का ते ठरवते. चारही चाके सारखीच मोठी असतील तर तिची तक्रार नसते, पण एक वेगळे असले की तिचा हिशेब चुकतो. वर्धा रोडवरून घरापर्यंत मी ताशी चाळीसने आलो.

दुसरे दुकान वडीलधाऱ्या मिस्त्रींचे आहे. त्यांनी आधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला, ज्यावर कंपनीचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. मग दुकानातल्या तिघा पोरांना मागच्या सीटवर बसवले, मला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवायला लावले आणि स्वतः खाली बसून टायर आणि स्ट्रटच्या मध्ये बोटे घालून पाहिली. आत दोन बोटे जात होती, पुढे लायनरकडे एकही जात नव्हते. “उभ्या गाडीत सगळेच टायर बसतात जी,” ते म्हणाले, “भरून, वळवून पाहायचं असते.” हीच तपासणी पहिल्या दिवशी झाली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्यांनी १८५/६५ आर १५ सुचवले आणि बाकी दोन गोष्टी न विचारता सांगितल्या. मूळ टायरचा भारांक ८५ म्हणजे एका चाकाला ५१५ किलो आहे, नव्याचा ८८ म्हणजे ५६० किलो. भारांक मूळपेक्षा खाली जाता कामा नये, वर गेला तर चालतो. आणि जुनी स्टेपनी राहू द्या, दोन मिलिमीटरच्या फरकाने पंक्चरवाल्यापर्यंत जायला काही बिघडत नाही.

हे टायर बसल्यापासून पाच माणसांनिशी पुन्हा रामटेकचा गड चढून पाहिला, आवाज नाही. वळणावर गाडी मूळ १६५ च्या तुलनेत निश्चितच घट्ट बसते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही अधिक विश्वासाने लागतो असे मला वाटते. तोटेही सांगतो. भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर आल्याने सिमेंट रस्त्याचे जोड पाठीला कळतात, आणि आपल्याकडे सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेची जमीन यांच्यात जी वीतभर पायरी सोडलेली असते, तिच्यावरून चाक तिरके उतरवताना टायरच्या भिंतीची आणि अलॉयच्या कडेची आता काळजी वाटते. १६५/८० ची जाडजूड भिंत अशा वेळी कुरकुरत नसे. ज्यांचे फिरणे बहुतांशी गावरस्त्यांवर आणि खडीवर आहे, त्यांनी मूळ १४ इंची मापच नवे घ्यावे. ते सायकलचे चाक नाही, त्या रस्त्यांसाठी तेच शहाणपणाचे आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी देते ते माप घेतले तर वादाला जागाच राहत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवून त्याची पोच ठेवावी, मी ठेवली आहे.

पैशांचा हिशेब असा. मार्चमध्ये टायर, अलॉय, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून ४८,००० रुपये गेले, त्यांपैकी निम्मे टायरांचे. सात महिने वापरलेल्या त्या टायरांचे दुसऱ्या दुकानात ११,००० मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यामुळे दुसऱ्या खरेदीचा चटका थोडा कमी बसला. लायनरची हरवलेली क्लिप मिस्त्रींनी आपल्या डब्यातून शोधून बसवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. चंद्रकोर मात्र लायनरवर अजून तशीच चकचकीत आहे.